हिरव्या त्रिकोणाचा अर्थ: टेक्निकल रायटिंग म्हणजे काय आणि गावात बसून ते शिकायचं कसं

कीटकनाशकाच्या डब्यावर कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो. मधून आडवा कापल्यासारखा. वरच्या त्रिकोणात शब्द, खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्या मानानं सौम्य. लाल डब्यावर वर कवटी आणि हाडंही असतात. हे सगळं १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी ठरवून दिलेलं आहे.

आमच्या दारव्हा तालुक्यात एकदा फवारणीच्या दिवसांत मी एका मजुराला विचारलं होतं, या हिरव्याचा अर्थ काय? तो म्हणाला, "हिरवा म्हंजे काई होत नाई. चालते." मला त्याला चूक म्हणता येईना. सिग्नलचा हिरवा त्यानं यवतमाळात पाहिलेला होता. वरच्या त्रिकोणात 'कॉशन', म्हणजे 'जपून', असं छापलेलंही होतं, पण रंगानं आधीच उत्तर देऊन टाकलं होतं.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. कारणं पुष्कळ होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याइतकी वाढलेली, दोन-तीन औषधं एकातच कालवलेली, तोंडाला फार तर दुपट्टा. सगळा दोष कागदावर टाकणं खोटं होईल. पण डब्यासोबत घडी घालून जे पत्रक येतं, ज्यात किती औषध किती पाण्यात, विषबाधेची लक्षणं कोणती, डॉक्टरानं उतारा काय द्यायचा हे असतं, ते उलगडून वाचणारा माणूस मी क्वचित पाहिला. ते पत्रक कुणीतरी लिहिलेलं असतं. तसं काही लिहिणं हा एक पेशा आहे, त्याला टेक्निकल रायटिंग म्हणतात, आणि गेली काही वर्षं मी त्यावर पोट भरतो.

त्याआधी आठ वर्षं मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होतो. ज्यांना हे शब्द माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. जेवढे तास तेवढे पैसे, तेही येतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. माझ्यासारखे बीएड, एमएस्सी झालेले, नेट-सेटच्या रांगेत केस पिकवलेले लोक गावोगाव आहेत. त्यातले बरेच जण फोन करून विचारतात, "सर, ते तुमचं काम नेमकं काय असते जी?" दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहितो.

काम काय असतं

एखादी गोष्ट कुणीतरी बनवली: सॉफ्टवेअर, मोटर, रक्तदाब मोजायचं यंत्र, विमा योजना. ती वापरणारा माणूस वेगळा आहे. बनवणाऱ्याला सगळं माहीत आहे, म्हणून त्याला सांगता येत नाही. वापरणाऱ्याला काहीच माहीत नाही, म्हणून त्याला नीट विचारता येत नाही. या दोघांच्या मधे बसून कागद तयार करणारा तो टेक्निकल रायटर. भारतात यातलं बरंचसं काम सॉफ्टवेअर कंपन्यांत आहे, म्हणजे पुणे, बंगळुरू, हैदराबाद. दिवसातला वेळ लिहिण्यापेक्षा विचारण्यात जास्त जातो. "हे बटण दाबलं नाही तर काय होईल?" हा प्रश्न मी रोज कुणाला ना कुणाला विचारतो आणि रोज कुणीतरी इंजिनियर म्हणतो, "अरे, हे तर आम्ही पाहिलंच नाही."

नवखा माणूस पहिली चूक इथं करतो: सगळं एकाच कागदात कोंबतो. आपल्या विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटरचं घ्या. नव्या गड्याला शेजारी उभं करून पहिल्यांदा मोटर चालू करायला शिकवायचं, हा एक प्रकार. त्यात त्याच्या हातून पाणी निघालं पाहिजे, बाकी ज्ञान पाजळू नये. "मोटर घडीघडी ट्रिप होते, काय करू?" हा दुसरा. विचारणाऱ्याला मोटर म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्याला इतिहास नको, पाणी पाहिजे. मोटरवर ठोकलेली पत्र्याची प्लेट, त्यावर एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, हा तिसरा. ती कुणी वाचत बसत नाही, लागलं तेव्हा पाहतो. आणि एक फेज गेली की मोटर का जळते, तर उरलेल्या दोन फेजमधून ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं, हा चौथा. तो रात्री लाईनची वाट पाहत बांधावर बसून सांगायचा. शिकवणं, अडचण सोडवणं, संदर्भ आणि विवेचन: दानिएले प्रोचिदा या लेखकानं ही चौकट मांडली, तिला डायटॅक्सिस म्हणतात. मुलाखतीत हे नाव घेतलं तर चांगलंच, पण मोटरचं उदाहरण डोक्यात पक्कं असेल तर नावाची फार गरज पडत नाही.

शिकायचं कुठून

पैसे भरू नका. निदान पहिले सहा महिने तरी नको. 'नोकरीची हमी' देऊन चाळीस-पन्नास हजार मागणाऱ्यांकडे जायच्या आधी जे फुकट आहे ते संपवा. गूगलचे 'टेक्निकल रायटिंग वन' आणि 'टू' असे दोन अभ्यासक्रम आहेत, वाचून करायचे, एक पैसा लागत नाही. पहिल्यात शब्द, वाक्य, यादी, परिच्छेद आणि वाचक कोण हे ओळखणं. दुसऱ्यात आपलंच लिखाण तपासणं, मोठा दस्तऐवज मांडणं, चित्रं आणि नमुना कोड. काही चुकलं की पडद्यावर येणारे संदेश (एरर मेसेज) कसे लिहावेत यावर वेगळा छोटा पाठ आहे, तो मला सर्वात आवडतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही शैलीपुस्तिका खुल्या आहेत. एकच निवडा आणि तीच पाळा. एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामनं दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत (खाली सांगतो), हा पुढचा टप्पा, त्यासाठी टॉम जॉन्सन या अमेरिकेतल्या लेखकाचा मोफत अभ्यासक्रम आहे, आणि तो भरपूर मोठा आहे. 'राइट द डॉक्स' ही २०१३ मध्ये सुरू झालेली या पेशातल्या लोकांची मंडळी. तिथल्या परिषदांची भाषणं व्हिडिओवर पाहता येतात.

इंग्रजीचं काय? हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. खरं सांगतो, बहुतेक काम इंग्रजीतच असतं. पण लागणारी इंग्रजी कादंबरीची नाही. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी एक नियमावली आहे, एएसडी-एसटीई-१००. तिच्यात कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं, माहिती देणारं २५ शब्दांचं. शक्यतो एका वाक्यात एकच सूचना. शब्दालाही शिस्त: 'टेस्ट' हा शब्द नाम म्हणून वापरायचा, क्रियापद म्हणून नाही. अब्जावधींचं विमान ज्या इंग्रजीवर दुरुस्त होतं, ती मराठी माध्यमाच्या पोराला जमण्यासारखी आहे. आपल्याला ठेच लागते ती भलतीकडेच, 'अ' आणि 'द' या दोन चिमुकल्या शब्दांपाशी. मराठीत ते नाहीतच, म्हणून आपण गाळतो, नाहीतर कुठेही टाकतो. आणि सूचनेत त्यांना किंमत असते: 'अ फाईल' उघडा म्हणजे कोणतीही, 'द फाईल' उघडा म्हणजे मघाशी सांगितलेली तीच. मी तीन महिने फक्त या दोन शब्दांची वही ठेवली होती. लाज वाटायची, पण फायदा झाला.

पोर्टफोलिओ: गोणपाटाची गोष्ट

या पेशात पदवीपेक्षा तुम्ही लिहिलेले नमुने पाहतात. तीन-चार नमुने पुरतात. अडचण अशी की नोकरी नाही म्हणून नमुने नाहीत, नमुने नाहीत म्हणून नोकरी नाही. बरेच जण मग एखाद्या प्रसिद्ध ॲपचं 'लॉगिन कसं करावं' लिहितात. कृपा करून ते लिहू नका. लॉगिन कसं करायचं ते सगळ्यांना येतं, आणि तपासणाऱ्यानं त्या आठवड्यात तसे दहा पाहिलेले असतात.

माझा पहिला नमुना सोयाबीनच्या उगवणक्षमतेचा होता. घरचं बियाणं पेरायच्या आधी ते किती उगवेल हे तपासतात, आणि त्याची सूचना साधारण या थाटात फिरत असते:

"पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणक्षमता तपासणे गरजेचे असून त्याकरिता नमुना घेऊन ओल्या गोणपाटावर बी ठेवून गुंडाळी करावी व योग्य प्रमाणात ओलावा राखून काही दिवसांनी उगवलेल्या बियांची मोजणी करून टक्केवारी काढावी."

यात खोटं काही नाही. मी त्याच्या पायऱ्या केल्या, माझ्या मते सुंदर केल्या, आणि छापील कागद घेऊन मामीकडे गेलो. मामी सातवी शिकलेली, चार एकर कोरडवाहू तीच पाहते. मी ठरवलं होतं की तोंड बंद ठेवायचं. तिनं वाचायचं, करायचं. मी वहीत लिहायचं, बस.

मामीनं कागद वाचला, उठली आणि सूप घेऊन आली. बी पाखडलं, निवडलं, फुटकं-बारीक बाजूला काढलं, आणि मग टपोरे दाणे मोजून शंभर घेतले. मी कागदावर 'शंभर बिया घ्या' एवढंच लिहिलं होतं. धान्य हातात आलं की निवडायचं हे तिच्या हाताला चाळीस वर्षं माहीत आहे, आणि निवडलेल्या बियांची उगवण जास्त दिसणारच. पुढं 'गोणपाट ओलं करा' ही पायरी. तिनं बादलीत बुडवलं आणि पाणी गळतं तसंच अंथरलं. मधेच माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन रे, बोलून काऊन नाई राह्यला? ओलं म्हंजे किती ओलं?" मी मान हलवली. चौथ्या दिवशी गुंडाळीला वास सुटला.

दुसरी आवृत्ती, पोत्यातून नवा नमुना. या वेळी सातवा दिवस गाठला. गुंडाळी उघडून मामी मोजायला बसली आणि थांबली. एक रोप उचलून धरलं. "कोंब तं आला, पन मुंडकं तुटलं. हे धराव का सोडाव?" सोयाबीनचं साल पातळ असतं, मळणीत बी आतून फुटतं, वरून दिसत नाही. तसं बी भिजून कोंब काढतं, पण वावरात मातीतून वर येत नाही. 'उगवलेल्या बिया' या दोन शब्दांत मी हे सगळं गिळून टाकलं होतं. तिनं आधी सगळी धरली तेव्हा आकडा ८४ आला. धड मूळ आणि धड कोंब असलेली तेवढी मोजली तेव्हा ६२.

कृषी खात्याचा हिशेब असा की उगवण ७० टक्के किंवा जास्त असेल तर एकरी ३० किलो बी पेरायचं, आणि ७० च्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं. ८४ धरलं असतं तर ३० किलो. ६२ ला ३४ किलो. चार एकरांना सोळा किलोचा फरक, तोही एका अर्धवट शब्दामुळे.

तिसऱ्या आवृत्तीतल्या पायऱ्या अशा झाल्या:

१. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढा. एकत्र मिसळा.
२. त्यातल्या १०० बिया मोजून घ्या. पाखडू नका, निवडू नका. फुटकी आली तरी राहू द्या.
३. गोणपाटाचे दोन तुकडे भिजवा आणि घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर पाणी टपकायला नको.
४. एका तुकड्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडा. दुसरा तुकडा वर टाका. सैल गुंडाळा.
५. गुंडाळी सावलीत ठेवा. रोज हातानं पाणी शिंपडा. ओतू नका.
६. सातव्या दिवशी उघडा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेली रोपं तेवढीच मोजा. मोडकी, वाकडी, सडलेली सोडा.

यानंतर किती किलो पेरायचं त्याचा तक्ता. वाक्यं रुक्ष आहेत, कुणी वाचून वाहवा म्हणणार नाही. पण 'निवडू नका' हे दोन शब्द मला टेबलापाशी बसून कधीच सुचले नसते.

पोर्टफोलिओत मी तिन्ही आवृत्त्या ठेवल्या, मराठीत आणि इंग्रजीत, आणि वर एक परिच्छेद: वाचक कोण, कुठं अडली, मी काय बदललं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शेवटची आवृत्ती धड वाचलीही नाही. त्या पहिल्या दोन आवृत्त्यांवरच अर्धा तास बोलत होत्या. स्वच्छ शेवटचा कागद कुणीही दाखवतो, आणि आता तर यंत्रही लिहून देतं. तो तिथवर कसा आला ते दाखवणारे कमी.

तुम्ही तुमच्या जुन्या कामातलं घ्या. कृषी केंद्रात बसलात तर औषध मिसळायचा क्रम. नर्स असाल तर इन्सुलिनचं पेन. आयटीआय केलं असेल तर स्टार्टर. ई-पीक पाहणीचं ॲप २०२१ च्या १५ ऑगस्टला राज्यभर आलं, गावात दर हंगामात लोक ते समजून घ्यायला कुणाकडे तरी जातात, तोही चांगला विषय. फक्त ॲपची आवृत्ती आणि तारीख कागदावर टाका, कारण ॲपचे स्क्रीन बदलतात आणि मग तुमचा कागद लोकांना खड्ड्यात घालतो. एक गोष्ट कधीच करू नका: कुणाचा खरा आधार क्रमांक, गट नंबर, फोन नंबर दिसेल असं चित्र टाकू नका. जुन्या कंपनीचे अंतर्गत कागदही नकोत. ज्याला तुम्ही ते दाखवाल, तो तुम्हाला नोकरी देणार नाही, कारण उद्या त्याचेही दाखवाल.

एपीआय म्हणजे सेतूची खिडकी

सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर एक नमुना एपीआयचा हवा. नाव ऐकून लोक घाबरतात. सेतू केंद्राची खिडकी आठवा. आत काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज सरकवायचा, ठरलेल्या नमुन्यात कागद परत येतो. नकाराच्या प्रत्येक कारणाला ठरलेला क्रमांक असतो. अर्ज चुकीचा भरला तर परत येतो, तो ४००. तुम्ही कोण ते पटलं नाही, ४०१. असा गट नंबरच गावात नाही, ४०४. एका मिनिटात दहादा खिडकी ठोकली, ४२९. आणि आतूनच "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या", तो ५००. एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या खिडकीशी असा बोलतो, एवढंच. कोणत्या खिडकीवर कोणता अर्ज, त्यात कोणते रकाने, परत काय मिळेल आणि नाही मिळालं तर का, हे लिहिलं की झाला एपीआयचा दस्तऐवज.

सरावाला ओपन-मेटिओ ही हवामानाची सेवा घ्या. बिगर-व्यावसायिक वापराला नोंदणी नाही, चावी (ओळखीचा कोड) नाही. मी यवतमाळचे अक्षांश २०.४ आणि रेखांश ७८.१ घातले, तासातासाचं तापमान मागितलं, लगेच आलं. मे महिना होता. यादीत सर्वात जास्त तापमान सकाळी १० वाजता दिसत होतं. यवतमाळात दहालाच ऊन पोळतं हे खरं, पण दुपारी साडेतीनपेक्षा जास्त? भौतिकशास्त्राच्या मास्तराला ते पटेना. शोधल्यावर कळलं: वेळेचा रकाना तुम्ही भरला नाही तर सेवा ग्रीनिच वेळ देते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तिचे १० म्हणजे आपले साडेतीन. 'टाइमझोन' या रकान्यात 'एशिया/कोलकाता' टाकलं की गाडी रुळावर. मूळ दस्तऐवजात हे दिलेलं आहे, पण तक्त्यात, खाली कुठंतरी. मी माझ्या नमुन्यात भारतीय वाचकासाठी ते पहिल्या उदाहरणातच आणलं आणि का आणलं ते दोन ओळींत लिहिलं. त्या दोन ओळींवर मला दुसरी मुलाखत मिळाली.

हे सगळं ठेवायचं गिटहब या फाइली ठेवायच्या वेबसाइटवर, फुकट. लिखाण मार्कडाउनमध्ये, म्हणजे मथळे, याद्या साध्या खुणांनी दाखवायच्या पद्धतीत; ते शिकायला एक दुपार पुरते. फाईलमधला प्रत्येक बदल नोंदवणारं गिट मात्र डोक्यात जायला वेळ लागतो, म्हणून असं समजा: तुमची फाईल म्हणजे सातबारा, आणि गिट म्हणजे तलाठ्याची फेरफार नोंदवही, गाव नमुना सहा. सातबारा आजची स्थिती सांगतो. ती तशी कशी झाली, कुणी कधी काय बदललं, ते फेरफारात सापडतं. 'पुल रिक्वेस्ट' म्हणजे धरलेला पण प्रमाणित न झालेला फेरफार. नोटीस लागते, हरकती येतात, मंडळ अधिकारी सही करतो, मग तो सातबाऱ्यावर चढतो. शहरातल्या पोरांना मी हे सांगितलं तर त्यांना आधी फेरफार समजावा लागतो. आपल्याकडे उलट. गिटहब पेजेसवरून त्याच फाइलींची वेबसाइट तयार होते, तीही फुकट, आणि लाईन गेलेली असताना मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चढवता येते.

एआयचं काय

लपवून काही उपयोग नाही: पहिली नोकरी मिळणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय. मसुदे यंत्र लिहितं, मीही लिहून घेतो. अमेरिकेतली सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन, १९५३ पासूनची संघटना, जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. एका संघटनेच्या हिशेबावरून साऱ्या पेशाचं मरण ठरवू नये, पण हवा तेजीची नाही. नुसतं व्याकरण सुधारून देणाऱ्याची गरज संपत आली आहे. मी एआयला तीच उगवणक्षमतेची सूचना लिहायला सांगितली. वाक्यं माझ्यापेक्षा गुळगुळीत आली. 'निवडू नका' नव्हतं.

म्हणून हातातलं सोडून यात उडी मारू नका. मी तास घेत घेत नऊ महिने रात्री शिकलो, सतरा अर्ज केले, पाच ठिकाणी उत्तर आलं, दोन मुलाखती, आणि पहिलं काम मिळालं ते कंत्राटी, सहा महिन्यांचं. घरून काम करायला मिळालं हे नशीब. पहिली दोन वर्षं पुण्यात राहायची तयारी ठेवली तर दारं जास्त उघडतात.

मागच्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याचा पहिला नमुना पाठवला. तो वायरमन आहे, मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. विषय: स्टार्टरचे जळालेले कॉन्टॅक्ट कसे बदलावेत. इंग्रजी कच्ची, पण स्क्रूचा आकार, कोणत्या हाताने काय धरायचं, सगळं डोळ्यांसमोर उभं राहील असं. पहिली पायरी, झाकण काढा. दुसरी, तिसरी, चौथी चोख. पाचवी, मेन स्विच बंद असल्याची खात्री करा.

फोन केला तर म्हणाला, "सर, ते तं कोनालेही समजते."

मी त्याला एवढंच म्हटलं की पाचवी पायरी पहिली कर, आणि दुकानातल्या नवीन पोराला कागद देऊन तू गप्प बस.